तिसरी भाकरी

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय. ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती आजही सोलापुरात, त्याच घरात राहते. तिला विचारूनच लिहितोय. फक्त गल्लीचं नाव घालू नका म्हणाली, म्हणून घालत नाही.

तारीख १९ मे २०२०. वार मंगळवार. वेळ दिवेलागणीची... सातच्या आसपास.

त्या दिवसांत सोलापूर कसं होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. ऊन चव्वेचाळीसच्या घरात. यंत्रमाग बंद. ज्या गल्लीत रात्रंदिवस मागांची खटखट चालायची, तिथं शेजारच्या घरातला पंखा ऐकू यायला लागला होता. पेशंट सापडला की महापालिकेची माणसं यायची आणि गल्लीला पत्रे ठोकून जायची. आत राहिला तो आत, बाहेर राहिला तो बाहेर.

माझी मनाली वहिनी आत राहिली होती. आठ वर्षांच्या आरोहीला घेऊन.

आणि दिपक, म्हणजे तिचा नवरा, माझा मावसभाऊ... हॉस्पिटलात.

मी पुण्यात अडकलो होतो. फोनवर धीर देण्यापलीकडं माझ्या हातून काही झालं नाही. ते शल्य अजून जात नाही.

दिपक हॉस्पिटलात कसा पोचला ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

त्यांच्या दाराला लागून नागव्वाचं दार. गल्ली तिला अव्वा म्हणायची. मूळची मैंदर्गीची. नवरा कधीच वारलेला, पोरबाळ नाही. तरुणपणी मागावर काम करताना उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. तेव्हापासून ज्वारीच्या भाकऱ्या करून विकायची. तिची भाकरी लांबून ओळखू यायची. बोट नाही तिथं दाब पडायचा नाही, म्हणून भाकरीवर मधोमध एक रेघ वर उचललेली राहायची. गल्लीतली पोरं म्हणायची, अव्वाची भाकरी शिक्क्यासकट येते.

९ मेला म्हातारीला धाप लागली. अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी थांबली, पण तिला तिथवर न्यायचं कुणी? एरवी तिच्या भाकरीवर ताव मारणारी माणसं खिडकीच्या फटीतून बघत होती. शेवटी दिपक गेला. तोंडाला रुमाल बांधला, म्हातारीला दोन्ही हातांवर उचललं आणि गाडीत नेऊन बसवलं.

नागव्वा म्हणाली, "माज्यापाई जीव कशाला घालतोस रं? घरी लेकरू हाय की."

"गप बस, अव्वा. आठ दिसात परत यिऊन भाकऱ्या थापायच्यात तुला."

"थापते की," म्हातारी म्हणाली. "पयल्या भाकऱ्या तुज्याच घरी."

सहाव्या दिवशी दिपकला ताप आला. त्याच रात्री त्यालाही नेलं.

दुसऱ्या दिवशी पत्रे ठोकले. नेमके त्या दोन दारांच्या मधोमध. मनालीचं घर अलीकडं शेवटचं, नागव्वाचं पलीकडं पहिलं. पलीकडच्या चार घरांतली माणसं आधीच सेंटरला हलवली होती, तिकडं चिटपाखरू नव्हतं. मनाली आणि आरोहीचा स्वॅब निगेटिव्ह आला. दारावर कागद चिकटवला आणि सांगितलं, उंबरा ओलांडायचा नाही.

अलीकडच्या शेजाऱ्यांनी तो कागद वाचला आणि खिडक्या लावून घेतल्या. हळदी-कुंकवाला आधी येऊन पुढं बसणाऱ्या बायका. असो. तेव्हा सगळेच घाबरलेले होते.

सोमवारी गॅस संपला. दुष्काळात तेरावा महिना. पत्र्याच्या आत सिलेंडरवाला येईना. डब्यात पीठ होतं, डाळ होती... पण शिजवायचं कशावर?

त्या घरात चूल पेटली नाही. सोमवारीही नाही, मंगळवारीही नाही.

मंगळवारी सकाळी भिजवलेले पोहे संपले. दुपारी आरोहीनं मूठभर शेंगदाणे खाल्ले आणि पाणी पिऊन झोपली. मनालीनं रोजच्यासारखा हॉस्पिटलला फोन लावला. विसाव्या वेळी लागला.

"दिपक ना? स्थिर आहे पेशंट. काळजी करू नका."

ठेवला फोन.

तिला एवढंच पाहिजे होतं. स्थिर. त्या एका शब्दावर ती दिवस काढत होती.

सातच्या सुमाराला तिनं देवापाशी दिवा लावला... आणि तिला आवाज आला.

थप... थप... थप... थप...

पत्र्याच्या पलीकडून.

भाकरी थापल्याचा आवाज. तो कुणाला ओळखू येत नाही? थोडा वेळ थपथप झाली, मग थांबली. तव्यावर टाकायला लागतो तेवढा वेळ गेला. परत थपथप. परत थांबली. परत.

तीन वेळा.

मग काहीच नाही.

आणि मग पत्र्यावर कुणीतरी दोनदा ठोकलं.

मनाली दार उघडून बाहेर आली. पत्रा आणि जमीन यांच्यात वीतभर फट होती. त्या फटीतून एक जर्मनचं पातेलं अलीकडं सरकलेलं. पातेल्यात पिठलं. वर फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या. आणि फडक्यावर... कडुलिंबाची एक डहाळी.

तिनं फडकं उघडलं. भाकरीच्या मधोमध रेघ होती.

"अव्वा? आलासा तुमी?"



वहिनी सांगते, त्या क्षणी तिला भीती वाटलीच नाही. उलट रडूच फुटलं. सत्तरीची म्हातारी बरी होऊन घरी आली होती. मग दिपक तर चाळिशीच्या आतला. तो येणारच.

लिंबाचा पाला बघून ती मनात हसली. तेव्हा जो तो दाराला लिंबाचा पाला बांधत होता, आंघोळीच्या पाण्यात टाकत होता. म्हातारीनं रोगराई नको म्हणून ठेवला असणार.

भाकऱ्या तीन होत्या. अव्वाला बिचारीला माहीत नाही ह्यांना नेलेलं, तिला वाटलं. तिघांच्या तीन पाठवल्यात.

पिठल्याला फोडणी नव्हती, पण दोन दिवसांच्या उपाशी पोटाला फोडणीचं कसलं कौतुक? आरोहीनं एक भाकरी खाल्ली, मनालीनं एक. तिसरी तिनं दिपकच्या नावानं झाकून ठेवली. सकाळी भूक आवरेना, तेव्हा तीही तिनंच खाल्ली.

एकच गोष्ट तिला खटकली.

भाकऱ्या गार होत्या. आत्ता थापलेल्या, आत्ता तव्यावरून काढलेल्या... आणि माठाच्या तळासारख्या गार.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, ही शिकवण तिला केम गावातल्या माहेरची. पातेलं घासलं. घरात गुळाचे चार खडे उरले होते. त्यातला एक पातेल्यात ठेवला आणि पातेलं फटीखालून पलीकडं सरकवलं.

पलीकडून ते ओढून घेतलं गेलं. हळू... जमिनीवर खरडत.

बुधवारी हॉस्पिटलवाले म्हणाले, "स्थिर आहे."

"बोलायला मिळंल का हो त्यांच्यासंगट? दोन मिनटं."

"आत फोन नाही नेता येत, ताई."

संध्याकाळी परत थपथप. परत तीन वेळा. आरोही दारात उभी होती.

"आई, अव्वाच्या चुलीचा धूर का न्हाय येत?"

मनालीनं वर पाहिलं. नागव्वा तुराट्यांवर स्वयंपाक करायची. एरवी संध्याकाळी तिच्या कौलांतून धूर निघायचा आणि ह्यांच्या घरात शिरायचा. त्यावरून एकदा भांडणही झालं होतं.

आज आभाळ स्वच्छ होतं. धूर नाही. भाजल्याचा वासही नाही.

दोनदा ठोकल्याचा आवाज झाला.

मनाली गुडघ्यावर बसली आणि फटीतून वाकून बघायला लागली. अंधारत आलं होतं. पातेलं पुढं सरकत होतं, आणि त्याच्या काठावर एक हात होता.

चार बोटं.

पिठानं पांढरा झालेला हात. कोरडा. भाकरी थापणारा हात ओला असतो. हा कोरडा ठक्क होता.

"अव्वा, बरं वाटतंय का आता? बोला की."

पातेलं अजून थोडं पुढं सरकलं.

"आमचं हे बी तितंच हायत. दिसलं का तुमाला कुटं?"

हात थांबला.

जागच्या जागी थांबला. पातेल्याच्या काठावरून एक-एक बोट सुटलं. आणि हात मागं गेला.

मनाली मागं सरकली. पण घरात पोर उपाशी होती, आणि समोर अन्न होतं. खायला बसली तेव्हा पिठल्याच्या वासानं तिला ढवळून आलं. भुकेनं होत असेल, असं तिनं स्वतःलाच सांगितलं. तरी एक भाकरी खाल्ली. तिसरी परत सकाळसाठी ठेवली. पातेल्यात गुळाचा खडा घालून ते परत दिलं.

गुरुवारी दुपारी बिरप्पा आला. गल्लीतलाच पोरगा, महापालिकेकडं फवारणीला लागलेला. डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकच्या पोशाखात, घामानं निथळत होता. दारात बिस्किटाचे पुडे ठेवून तो लांब उभा राहिला.

मनाली म्हणाली, "नागव्वा आली म्हणून बरं झालं बग. दोन दिवस तीच घालतीया आमाला."

बिरप्पानं फवारणीची नळी खाली केली.

"कोण घालतीया?"

"नागव्वा. भाकरी पाठवती की पत्र्याखालनं."



"वहिनी... आवो, नागव्वा गेली की. न्हेली त्येच्या दुसऱ्याच दिवशी. तिचं कोणच न्हवतं, म्हणून आमच्याच माणसांनी उरकलं. तुमाला कोण बोललं न्हाय व्हय?"

"मग पलीकडं कोण हाय?"

"पलीकडं कुणी न्हाय. मीच कुलूप लावलंय तिच्या दाराला. किल्ली हापिसात हाय."

एवढं बोलून तो मागं सरकला. पुढचं घर न फवारताच गेला.

मनालीची पाचावर धारण बसली. दार लावलं, कडी घातली, आणि सासूला फोन लावला. सासू म्हणजे मीनाबाई, माझी मावशी. वहिनी तिला आत्या म्हणते. मावशीनं उमेदीची तीस वर्षं त्याच गल्लीत काढली, मग मंगळवेढ्याकडं गावी जाऊन राहिली. लेक हॉस्पिटलात पडल्यापासून तीही तिकडं अन्नाला शिवली नव्हती.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पिठल्याला फोडणी व्हती का?"

"न्हाय, आत्या."

"आन् वर लिंबाचा पाला?"

"व्हय. मला वाटलं रोगराईसाठी..."



"मनाली... त्यो कडू घास हाय गं."

कडू घास कुणाला माहीत नसेल तर सांगतो. मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी पाठवतात. वर लिंबाचा पाला, तो आधी चावायचा, मग घास घ्यायचा. त्या गल्लीत कुणाच्याही घरी मयत झालं की पहिलं पातेलं नागव्वाचं यायचं. रडायलाबी पोटात कायतरी लागतंय, असं ती म्हणायची.

मनाली नऊ वर्षं त्या गल्लीत होती, पण तिच्या घरी हा घास कधी आला नव्हता. सासरा तिच्या लग्नाच्या आधीच गेलेला.

"भाकऱ्या किती व्हत्या?" मावशीनं विचारलं. वहिनी म्हणते, तो आवाज आत्यांचा वाटतच नव्हता.

"तीन."

"नीट सांग."

"तीनच, आत्या. दोनी सांजंला तीनच."

आणि मावशी रडायला लागली. पण ते रडणं वेगळं होतं.

"हाय गं... माझा दिपक हाय. नागव्वा त्या घरात मागं जितकी तोंडं उरली तितक्याच भाकऱ्या घालायची. येक जास्त न्हाय, येक कमी न्हाय. गेल्याल्या माणसाची कधी धरायची न्हाय. तुजा सासरा गेला तवा दोन आल्या व्हत्या. माजी आन् दिपकची. आता तीन म्हंजी तू, आरोही आन् माजा लेक."

"मग घास कुणाचा?"

"तिचाच. तिला कोण हाय दुसरं? दिपकनं हातांवर उचलून न्हेली, म्हंजी तुमचंच घर तिच्या सुतकाचं. कुणी घातला न्हाय, म्हणून बिचारी आपला घास आपणच घालतीया." मग तिला एकदम आठवलं. "भांडं कसं दिलंस परत?"

"गूळ घालून."

"आगं, येडी का काय तू? कडू घासाचं भांडं भरून देत न्हाईत. भरून दिलं म्हंजी आणकी आण म्हणून सांगितल्यागत हुतंय. मग ती येनार न्हाय तर काय करंल? आज रिकामं दे. पालथं घाल. आन् म्हणावं, पावलं आमाला. म्हंजी सुटंल ती."

खरं सांगायचं तर भुतानं पाठवलेली भाकरी खाल्ली म्हणून कुणीही हादरलं असतं. पण त्या दोघी सासवा-सुना त्या दुपारी फोनवर चक्क हसल्या. दिपक जिवंत होता. हॉस्पिटलही तेच सांगत होतं, आणि नागव्वाही. म्हातारी भाकऱ्यांच्या बाबतीत कधी चुकली नव्हती.

संध्याकाळी मनालीनं आरोहीला न्हाऊ घातलं, स्वतःही डोक्यावरून पाणी घेतलं. सुतकाची आंघोळ. आणि पत्र्याजवळ बसून राहिली.

थप... थप... थप...

एक झाली.

दोन झाल्या.

ती श्वास धरून बसली होती. तिसरीला जरा उशीर झाला. मनाली सांगते, तेवढ्या वेळात तिनं ठाऊक असलेले सगळे देव आळवले.

थप... थप... थप...

तीन.

पातेलं आलं. तिनं फडकं उघडून बघितलं. मोजलं. बोट लावून मोजलं. तीनच.

त्या दिवशी तिनं सगळं रीतीनं केलं. लिंबाचा पाला चावला, आरोहीलाही एक पान दिलं. पहिला घास घेतला आणि नागव्वासाठी पोटभर रडली. म्हातारीसाठी रडणारी साऱ्या सोलापुरात ती एकटीच होती. तिसरी भाकरी फडक्यात बांधून ठेवली. मग पातेलं न घासता, रिकामं, पत्र्यापाशी पालथं घातलं.

"अव्वा," ती म्हणाली, "पावलं आमाला."

चार बोटं फटीतून आली. पातेलं उचललं नाही. तो हात थोडा पुढं आला आणि मनालीच्या मनगटावर टेकला. गार. हलका. लेकराला थोपटावं तसं एकदा थोपटलं.

आणि पत्र्यापलीकडून, अगदी जवळून, आवाज आला.

"अळब्याड..."

कानडीत रडू नको म्हणतात ते. नागव्वा तिला नेहमी तसंच म्हणायची.

पण मनाली तेव्हा रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं.

त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदा तिला शांत झोप लागली. सकाळी उठून तिनं तिसरी भाकरी खाल्ली.

शुक्रवारी सव्वाअकराला फोन वाजला. नंबर हॉस्पिटलचा. आजवर त्यांनी कधी स्वतःहून फोन केला नव्हता.

माणूस नवा होता. त्यानं दिपकचं पूर्ण नाव विचारलं, वडलांचं नाव, गाव विचारलं. दोनदा विचारलं. मग म्हणाला, ताई, वॉर्डात त्याच नावाचे दोन पेशंट होते. तुम्हाला रोज दुसऱ्याची तब्येत सांगितली गेली. आमची चूक झाली.

"मग आमचं हे?"

कागद उलटल्याचा आवाज आला.

"मंगळवारी, एकोणीस तारखेला. संध्याकाळी सहा पंचेचाळीसला."

मनाली भिंतीला टेकून खाली बसली. समोर शेगडी होती. चार दिवसांची थंड. मंगळवारी पावणेसातला तो गेला, आणि सातला पातेलं आलं. जे घास ती नागव्वाचे म्हणून खात होती ते तिच्या नवऱ्याचे होते. लिंब चावून झाला होता. डोक्यावरून पाणी घेऊन झालं होतं. आणि कालच, आपल्या तोंडानं, ती म्हणून बसली होती... पावलं आमाला.

तिला जाऊ दिलं नाही. लांबून बघायलासुद्धा नाही.

जूनमध्ये पत्रे निघाले आणि मीनामावशी गावाहून आली. मीही पोचलो होतो. लेकाच्या फोटोसमोर ती तासभर बसून होती, डोळ्यांत टिपूस नाही. वहिनीनं चहा केला आणि वासानं तिला ढवळून आलं, तशी तोंडाला पदर लावून मोरीकडं पळाली.

मावशीनं मान वळवून बघितलं. सून परत आली तेव्हा विचारलं, "भाकऱ्या किती व्हत्या म्हणालीस?"

"तीन, आत्या. आता कशाला काढताय ते?"

"तू येक. आरोही दोन." मावशी थांबली. "तिसरी कुणी खाल्ली?"

"मीच. रोज सकाळी."

मावशी तिच्याकडं बघत राहिली.

"मनाली... तुला दिवस गेल्यात का गं?"

वहिनीच्या हातातला कप खाली आला. त्या महिन्या-दीड महिन्यात तिला तारखेचं भानच नव्हतं.

नागव्वा चुकली नव्हती. मागं जितकी तोंडं उरली, तितक्याच भाकऱ्या.

त्याच आठवड्यात बिरप्पानं नागव्वाच्या घराचं कुलूप काढलं. आम्ही सगळे बघायला गेलो. चुलीत जुनी राख. पिठाच्या डब्यात जाळी धरलेली. परात भिंतीला उभी, कोरडी ठणठणीत. उंबऱ्याच्या आत जर्मनचं पातेलं पालथं होतं आणि त्याच्या शेजारी गुळाचे दोन खडे. मे-जूनचा उकाडा, मातीचं घर... आणि त्या गुळाला एक मुंगी लागली नव्हती.

जानेवारीत मुलगी झाली. काव्या.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

काव्या आता पाच वर्षांची आहे. एक, दोन, तीन मोजायला ती शाळेत शिकली नाही. नागव्वाच्या घरात आता टॉवेलचं गोडाऊन आहे. संध्याकाळी सहाला शटर बंद होतं, मागं कुणी नसतं. तरी दिवेलागण झाली की ही पोर त्या भिंतीशी जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, अव्वा थापतीया. ते नाव तिच्यासमोर आजवर कुणी काढलेलं नाही. आरोहीला काही ऐकू येत नाही, वहिनीलाही नाही. काव्या बोटांवर मोजते, एक... दोन... तीन... आणि तीन झाले की उठून खेळायला जाते. बोलायला लागल्यापासून रोज. वहिनीनं सुरुवातीला डॉक्टर केले, देवाचं केलं, मग सवय करून घेतली. तीन मोजते ना, मग मोजू दे, म्हणते. घरात तीन माणसं आहेत.

गेल्या गुरुवारी मी सोलापूरला गेलो होतो. सातच्या सुमाराला आम्ही चहा पीत बसलो होतो. काव्या भिंतीशी होती.

"एक..." ती म्हणाली.

थोड्या वेळानं, "दोन..."

तिसरं बोट वर करून तशीच बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती काही उठेना.

"आई," ती म्हणाली, "तिसरी कवा थापणार अव्वा?"

वहिनीनं कप खाली ठेवला. उठली, आरोहीला हाक मारून आत बोलावलं, दाराला कडी घातली. मग ओट्यापाशी जाऊन तिनं गॅस पेटवला. चहा झालेला, स्वयंपाकही झालेला होता. शेगडीवर भांडं नव्हतं. नुसतीच पेटवली आणि ज्योत बारीक करून तिच्याकडं बघत उभी राहिली.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. तिची चूल पेटलेली होती.

मी परत पुण्याला आलो. रोज फोन करतो. तिघी ठीक आहेत. काल रात्रीही केला. बोलताना मागून बारीक आवाज येत होता, जळत्या गॅसचा.

मी म्हणालो, "वहिनी, अजून चालूच आहे?"

"व्हय," ती म्हणाली. "दुसरं सिलेंडर सांगून ठेवलंय. उद्या यील म्हणालेत."